मांसाच्या तपासणीत जीवाणूही मोजा: अन्नसुरक्षा यंत्रणांना खुले पत्र

प्रति,
अन्नसुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या आणि राबवणाऱ्या सर्व यंत्रणांचे प्रमुख

विषय: किरकोळ विक्रीतल्या मांसावर सापडणाऱ्या, अँटिबायोटिकांना दाद न देणाऱ्या जीवाणूंची नियमित तपासणी करून निकाल जाहीर करण्याबाबत

महोदय / महोदया,

स. न. वि. वि.

मी रुग्णालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळेत काम करते. रोज सकाळी माझ्यासमोर रात्रभर उबवलेल्या प्लेट्स येतात. प्रत्येक प्लेटवर एका रुग्णाचे जीवाणू पसरलेले असतात आणि त्यांवर औषध भिनवलेल्या कागदाच्या छोट्या चकत्या ठेवलेल्या असतात. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल कडं दिसतं, कारण तेवढ्या जागेत जीवाणू वाढू शकलेले नसतात. ते कडं मोजायचं आणि रिपोर्टवर त्या औषधापुढे 'एस' (औषध लागू पडतं) किंवा 'आर' (जीवाणू औषधाला दाद देत नाहीत) लिहायचं, हे माझं काम. गेल्या काही वर्षांत 'आर' लिहिण्याची वेळ फार वेळा येते. कधी कधी तर एकाही चकतीला कडं नसतं, जीवाणूंचा थर थेट कागदाला येऊन भिडलेला असतो. अशा दिवशी मी रिपोर्ट छापून होण्याची वाट पाहत नाही, आधी वॉर्डात फोन करते.

हीच चाचणी, याच चकत्या, मांसावरच्या जीवाणूंनाही लावता येतात. डेन्मार्क 1995 पासून हे काम दरवर्षी करतो, अमेरिकेने 1996 मध्ये सुरू केलं. पण पुष्कळ ठिकाणी ही चाचणी होतच नाही, आणि झाली तरी निकाल फायलीत राहतात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

आधी एक गोंधळ दूर करायला हवा, कारण तो तुमच्या खात्यांच्या पत्रकांतही दिसतो. मांसात अँटिबायोटिक आहे का, असं कोणी विचारलं की उत्तर मिळतं: नमुने तपासले, अवशेष मर्यादेत आहेत, काळजीचं कारण नाही. हे उत्तर खरं असतं, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचं असतं. अवशेष म्हणजे मांसात उरलेलं औषध. जनावराला औषध दिल्यानंतर ठरावीक दिवस कत्तल करायची नाही असा नियम असतो, आणि तो पाळला की औषध शरीरातून बरंचसं निघून जातं. पण औषधाने निवडून ठेवलेले जीवाणू त्याबरोबर निघून जात नाहीत. जनावराच्या आतड्यात औषध होतं तेव्हा नाजूक जीवाणू मेले, दाद न देणारे उरले, आणि मोकळ्या झालेल्या जागेत तेच वाढले. औषध गेल्यानंतरही ते तिथेच असतात. अवशेषांच्या चाचणीत पूर्ण निर्दोष ठरलेल्या मांसाच्या तुकड्यावर असे जीवाणू भरपूर असू शकतात, आणि ती चाचणी त्यांच्याबद्दल एक अक्षरही सांगत नाही. ती त्यासाठी बनवलेलीच नाही.

आतड्यातले जीवाणू मांसावर येतात ते कत्तलीच्या वेळी. गरम पाण्याचं एकच टाकं, पिसं काढणारी रबरी बोटं, आतडी बाहेर काढताना होणारी एखादी चीर, आणि त्याच पट्ट्यावरून पुढे सरकणारं शेजारचं धड. खिम्यात तर अनेक जनावरांचं मांस एकत्र होतं आणि पृष्ठभागावरचे जीवाणू आतपर्यंत मिसळतात. थंड साखळी चोख असेल तर त्यांची वाढ थांबते, पण गोठवल्याने ते सगळे मरत नाहीत.

इथे तुमची नेहमीची सूचना येते: मांस नीट शिजवा. सूचना अगदी योग्य आहे आणि मीही ती सगळ्यांना देते. मांसाच्या आतलं तापमान 70 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की हे जीवाणू मरतात, मग ते औषधाला दाद देणारे असोत वा नसोत. कच्चं मांस नळाखाली धुऊ नये, त्याने उडणारे थेंब सगळीकडे पसरतात, हेही बरोबर. पण ही सूचना संपते तिथे तुमचं काम संपलं असं कसं मानता येईल? जुलाब लावणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टरचे पाचशेच्या आसपास जीवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो. कच्च्या मांसाच्या पाकिटातून निथळलेल्या एका थेंबात तेवढे सहज असू शकतात. सुरी, फळी, हात, फ्रिजचं हँडल, यांपैकी एक जागा विसरली की झालं. जी चूक लाखो स्वयंपाकघरांत रोज कुठे ना कुठे होणारच, ती होणार नाही असं गृहीत धरून अन्नसुरक्षेचं धोरण उभं राहू शकत नाही. शिवाय गोठ्यात राबणारा माणूस, कत्तलखान्यात आतडी काढणारा कामगार, शेतात पसरलेलं शेण आणि त्यावरून वाहून गेलेलं पाणी, यांच्यापर्यंत तुमची स्वयंपाकाची सूचना पोचतच नाही.

या जीवाणूंची आणखी एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. मांसावरचा जीवाणू माणसाला आजारी पाडत नसला तरी तो निरुपद्रवी ठरत नाही. औषधाला चकवा देणारी जनुकं बहुतेकदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर असतात, आणि तो तुकडा एक जीवाणू दुसऱ्याला देऊ शकतो, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूलाही. हे नवं ज्ञान नाही. 1959 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी आमांशाच्या जीवाणूंमध्ये हेच दाखवून दिलं होतं. पोटातून दोन दिवसांत निघून जाणारा ई. कोलाय हा आतड्यातला एक साधा जीवाणू जाता जाता आपला तुकडा तिथल्या कायमच्या रहिवाशाला देऊन जातो. त्या माणसाला काहीच कळत नाही, जुलाबही होत नाहीत. काही महिन्यांनी त्याच माणसाला मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, आणि त्याची प्लेट माझ्या टेबलावर येते.

जनावरांच्या खाद्यात अँटिबायोटिक घालण्याची सुरुवात 1940 च्या दशकाच्या अखेरीस झाली. लेडरले या औषध कंपनीत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसलं की ऑरिओमायसिन हे अँटिबायोटिक बनवताना उरलेला चोथा खाणारी कोंबडीची पिल्लं लवकर वाढतात. 1951 मध्ये अमेरिकेने पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय असं खाद्य देण्याला मान्यता दिली. मात्रा अगदी थोडी आणि रोज, आजार असो वा नसो. दाद न देणारे जीवाणू पोसायचे असतील तर माझ्या प्रयोगशाळेतही मी नेमकं हेच करेन.

1969 मध्ये ब्रिटनच्या स्वान समितीने सांगितलं की माणसांच्या उपचारात लागणारी औषधं खाद्यात घालू नयेत. 1976 मध्ये स्टुअर्ट लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनजवळच्या एका शेतावर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. कोंबड्यांना टेट्रासायक्लिन मिसळलेलं खाद्य दिलं. आठवडाभरात त्यांच्या आतड्यातले जीवाणू त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत त्या शेतावर राहणाऱ्या माणसांच्या सुमारे 31 टक्के नमुन्यांत अशाच जीवाणूंचं बहुमत होतं, शेजाऱ्यांच्या नमुन्यांत ते प्रमाण 7 टक्क्यांच्या आसपास होतं. त्या माणसांनी औषध घेतलेलं नव्हतं. औषध कोंबड्यांच्या खाद्यात होतं. याला आता जवळजवळ 50 वर्षं होतील, आणि जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या अलीकडच्या अहवालांनुसार सुमारे पाचव्या हिश्शाएवढे सदस्य देश अजूनही जनावरांची वाढ व्हावी म्हणून अशी औषधं वापरतात. हे वाचताना मला राग येतो, आणि तो मी लपवणार नाही.

मात्र या पत्राचा हेतू राग काढणं नाही. जिथे जिथे परिस्थिती सुधारली, तिथे काय घडलं ते तुमच्यासमोर ठेवायचं आहे. मला त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. कोणीतरी तीन आकडे शेजारी शेजारी मांडले होते: जनावरांना किती औषध दिलं, मांसावरच्या किंवा जनावरांमधल्या किती जीवाणूंनी त्याला दाद दिली नाही, आणि रुग्णांमधल्या किती जीवाणूंनी.

कॅनडातल्या क्विबेकचं उदाहरण घ्या. तिथल्या उबवणी केंद्रांत अंड्यातच सेफ्टिओफर हे अँटिबायोटिक टोचण्याची पद्धत होती, पिल्लांना संसर्ग होऊ नये म्हणून. सेफ्टिओफर माणसांना देत नाहीत, पण ते ज्या सेफॅलोस्पोरिन कुळातलं आहे त्यातली काही औषधं आम्ही गंभीर रुग्णांसाठी राखून ठेवतो. कॅनडाच्या पाहणी कार्यक्रमात किरकोळ विक्रीतली कोंबडी आणि माणसं, दोन्हींचे नमुने तपासले जात होते, त्यामुळे साल्मोनेला हायडेलबर्ग या जीवाणूतला वाढता दाद-नकार, म्हणजे औषधाला दाद न देणं, दोन्हीकडे एकाच वेळी दिसला. 2005 मध्ये उबवणी केंद्रांनी आपणहून हे टोचणं थांबवलं. 2004 ते 2006 या काळात कोंबडीच्या मांसावरच्या या जीवाणूतलं प्रमाण 62 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलं, माणसांमध्ये 36 वरून 8 वर. 2007 मध्ये काही केंद्रांनी वापर पुन्हा सुरू केला आणि आकडे पुन्हा चढू लागले. औषध बंद केलं तर उतरले, सुरू केलं तर चढले. इतका स्वच्छ पुरावा आमच्या क्षेत्रात फार क्वचित मिळतो. तो मिळाला कारण कोणीतरी आधीपासून दुकानातलं मांस नेमाने विकत घेऊन तपासत होतं. ती तपासणी नसती तर काय झालं असतं? काही रुग्णांना औषध लागू पडलं नसतं, काहींना पडलं असतं, आणि आम्ही सगळे प्रयोगशाळांत बसून 'आर' लिहीत राहिलो असतो.

डेन्मार्कची हकीकत थोडी गुंतागुंतीची आहे, आणि म्हणूनच मला ती अधिक मोलाची वाटते. ॲव्होपार्सिन हे खाद्यातलं औषध व्हँकोमायसिनचं, म्हणजे माणसांच्या गंभीर संसर्गांवर वापरल्या जाणाऱ्या औषधाचं, जवळचं नातेवाईक. 1995 मध्ये डेन्मार्कने त्यावर बंदी घातली. कोंबड्यांमधल्या एंटरोकॉकस जीवाणूंपैकी व्हँकोमायसिनला दाद न देणारे तेव्हा 70 टक्क्यांहून अधिक होते, 2000 पर्यंत ते 6 टक्क्यांच्या आसपास आले. डुकरांमध्ये मात्र आकडा हललाच नाही. औषध बंद, आणि दाद-नकार जिथल्या तिथे. ज्यांच्याकडे फक्त कोंबड्यांचे आकडे असते त्यांनी काम फत्ते झालं असं म्हटलं असतं, ज्यांच्याकडे फक्त डुकरांचे असते त्यांनी बंदी फसली म्हणून ती उठवली असती. डेन्मार्ककडे दोन्ही होते, म्हणून शोध पुढे गेला. डुकरांमधल्या जीवाणूंत ॲव्होपार्सिन आणि टायलोसिन या दोन वेगळ्या औषधांविरुद्धची जनुकं एकाच प्लाझ्मिडवर बसलेली निघाली. टायलोसिन चालू होतं तोवर ते दुसऱ्या जनुकालाही सांभाळत होतं. 1998 मध्ये टायलोसिनचा वापर घटला आणि त्यानंतर व्हँकोमायसिनचा आकडाही खाली आला. एकेका औषधावर सुटी बंदी घालणाऱ्या धोरणाने हे लक्षात ठेवायला हवं.

तिसरं उदाहरण कोलिस्टिनचं. हे औषध मूत्रपिंडाला त्रास देतं म्हणून माणसांत बराच काळ मागे पडलं होतं आणि त्या काळात ते जनावरांच्या खाद्यात टनांनी गेलं. पुढे बाकीची औषधं निकामी होत गेली आणि रुग्णालयांना शेवटचा आधार म्हणून कोलिस्टिनकडे परतावं लागलं. (त्याची चाचणी चकतीने नीट होत नाही, द्रवात वेगवेगळ्या मात्रा करून पाहावी लागते. हे काम वेळखाऊ आहे, आणि ते करायची वेळ येते तेव्हा रुग्णाची स्थिती काय असेल हे आम्हाला न सांगताच कळतं.) नोव्हेंबर 2015 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी जाहीर केलं की कोलिस्टिनला निकामी करणारं एमसीआर-1 हे जनुक त्यांना प्लाझ्मिडवर, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणाऱ्या स्वरूपात सापडलं आहे. त्यांनी कच्च्या मांसाचे 523 नमुने तपासले होते, त्यांपैकी 78 मध्ये ते होतं. 1,322 रुग्णांच्या नमुन्यांपैकी 16 मध्ये होतं. मांसात 15 टक्के, रुग्णांत 1 टक्का. हे दोन आकडे शेजारी ठेवले की वाट कोणत्या दिशेने येत असावी याचा अंदाज येतो. चीनने 2017 मध्ये वाढीसाठी कोलिस्टिन वापरणं बंद केलं आणि त्यानंतर जनावरांत आणि माणसांतही त्या जनुकाचं प्रमाण घसरलं. भारताने 2019 मध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिन वापरण्यावर बंदी घातली.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. माझ्या टेबलावर येणाऱ्या प्रत्येक 'आर'चं मूळ जनावरांत नाही. बराच मोठा वाटा आम्हा माणसांचा आहे: गरज नसताना लिहिलेली औषधं, अर्धवट सोडलेले डोस, रुग्णालयात न धुतलेले हात. 2019 या एका वर्षात जगभरात सुमारे 12.7 लाख मृत्यू थेट जीवाणूंच्या दाद-नकारामुळे झाले असा अंदाज आहे. त्यांतले किती मांसावाटे आले हे आज कोणी नेमकेपणाने सांगू शकत नाही. या अज्ञानाचा आधार घेऊन काहीजण म्हणतात की पुरावा पुरेसा नाही. पण पुरावा गोळा करण्याचं साधन तुमच्या हातात आहे. न मोजता पुरावा नाही म्हणणं, हे मला पटत नाही.

पशुपालकांवर बोट ठेवायचंही मला कारण दिसत नाही. आजारी जनावराला औषध मिळालंच पाहिजे. फार लवकर आईपासून तोडलेलं पिल्लू, कमी जागेत कोंबलेला कळप, लस वेळेवर न पोचणं, जवळपास पशुवैद्य नसणं, या सगळ्यावर खाद्यातलं अँटिबायोटिक हा सर्वांत स्वस्त पडदा ठरतो. पडदा काढायचा तर मागची व्यवस्था सुधारावी लागते. नॉर्वेत सामन माशांच्या पालनात 1987 मध्ये जवळपास 50 टन अँटिबायोटिक वापरलं गेलं होतं. चांगल्या लशी आल्या, जागा आणि स्वच्छता यांची शिस्त आली, आणि उत्पादन कितीतरी पटींनी वाढूनही आज तो वापर नगण्य आहे.

मग माझी मागणी काय? दुकानातून, ग्राहक घेतो तसं, मांस घ्या. ठरलेल्या संख्येने, ठरलेल्या पद्धतीने, दरवर्षी. साल्मोनेला सगळ्याच नमुन्यांत सापडत नाही, म्हणून ई. कोलाय मोजा, तो जवळजवळ सगळीकडे भेटतो. सेफोटॅक्सिम हे सेफॅलोस्पोरिन कुळातलंच औषध घातलेल्या माध्यमावर जो वाढतो तो वेगळा काढा. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये 'ट्रायसायकल' नावाची पद्धत मांडली ती याच विचारावर: एकच जीवाणू, एकच प्रकारचा दाद-नकार, आणि माणूस, अन्नसाखळी व पर्यावरण अशा तीन ठिकाणी तो मोजायचा. साध्या प्रयोगशाळेलाही हे जमावं म्हणून ती मुद्दाम सोपी ठेवली आहे. आमच्यासारख्या प्रयोगशाळांत ही कौशल्यं रोज वापरात आहेत, फक्त आम्हाला कोणी मांस आणून देत नाही.

औषधाच्या वापराचे आकडे मात्र देशभराची एक बेरीज म्हणून चालणार नाहीत. ते प्रत्येक पशुपालन केंद्रानुसार हवेत. नेदरलँड्सने हे करून दाखवलं. कोणत्या केंद्रावर किती औषध गेलं याची नोंद, सारख्या केंद्रांशी तुलना, आणि फार वर गेलेल्यांना जाब. 2009 नंतरच्या दशकात तिथली पशु-अँटिबायोटिकांची विक्री 60 टक्क्यांहून जास्त घटली, आणि पशुपालन काही बुडालं नाही. आपल्या शेजाऱ्यापेक्षा आपण तिप्पट औषध वापरतो हे कागदावर दिसलं की पशुपालक स्वतःच पशुवैद्याला बोलावतो.

आणि हे सगळं छापा. तुमच्यापैकी काहींना वाटतं की लोक घाबरतील, निर्यात अडकेल, उद्योग कोर्टात जाईल. यातली निर्यातीची काळजी मला समजते, कारण जो देश आधी मोजतो तोच आधी बदनाम होतो. म्हणूनच मी हे पत्र एका यंत्रणेला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे: एकत्र मोजा, एकाच पद्धतीने मोजा, म्हणजे मोजणाऱ्याला शिक्षा होणार नाही. लोक घाबरतील या मुद्द्यावर मात्र माझा तुमच्याशी ठाम मतभेद आहे. डेन्मार्क आपला अहवाल गेली तीस वर्षं जीवाणूनिशी, प्राण्यानिशी, औषधानिशी छापतो आहे. तिथल्या लोकांनी मांस खाणं सोडलेलं नाही.

सप्टेंबर 2024 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत या विषयावर जाहीरनामा झाला. आधीच्या मसुद्यात शेती आणि पशुपालनातला वापर 2030 पर्यंत किमान 30 टक्क्यांनी घटवण्याचं उद्दिष्ट होतं. अंतिम मजकुरात तो आकडा राहिला नाही, 'अर्थपूर्ण' घट करण्याचा प्रयत्न तेवढा राहिला. मृत्यू 10 टक्क्यांनी कमी करण्याचं उद्दिष्ट मात्र त्यात आहे. म्हणजे रुग्णालयाच्या बाजूला आकडा आहे आणि गोठ्याच्या बाजूला विशेषण आहे. विशेषणाचा हिशेब मागता येत नाही.

माझी विनंती तुमच्या पुढच्या वार्षिक अहवालातल्या एका पानापुरती आहे. त्या पानावर एक तक्ता असावा. पहिल्या रकान्यात जनावरांना दिलेलं औषध, दुसऱ्यात दुकानातल्या मांसावरच्या ई. कोलायपैकी किती दाद देत नाहीत, तिसऱ्यात रुग्णांच्या ई. कोलायपैकी किती. पहिल्या वर्षी नमुने थोडे असतील तर थोडे असू द्या, संख्या खाली लिहा. तिसऱ्या रकान्यासाठी लागणारे आकडे माझ्यासारख्या शेकडो प्रयोगशाळांत आजही पडून आहेत. तुम्ही मागितलेत तर आम्ही ते पाठवू.

कळावे,
आपली,
रुग्णालयातील एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ